चोक ओढला की चालू, सोडला की बंद: हिवाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या मोटरसायकलचं प्रकरण

गाडी १९७०च्या दशकाच्या अखेरची. हवेवर थंड होणारं दोन सिलेंडरचं इंजिन, प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग), पॉइंटचं (उघडमीट करणाऱ्या कॉन्टॅक्टवर चालणारं) इग्निशन, सेल्फ आणि किक दोन्ही. एका मित्राची. थंडीचे चार-पाच महिने ती झाकून उभी होती, आणि मोसम सुरू होताना बाहेर काढली तेव्हा नीट चालेना.

तक्रार अशी: सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. पूर्ण चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढला तरच इंजिन पेटतं, चोक अर्ध्यावर आणला की बंद. यावर तोडगा म्हणून मित्राने आयडलिंगचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन किती वेगात फिरावं ते ठरवणारा नॉब फिरवत फिरवत बराच चढवून ठेवला होता. त्यामुळे गाडी बंद पडायची थांबली, पण दुसरं दुखणं उपटलं. इंजिन गरम झालं की रेस आपोआप मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत चढायची आणि थ्रॉटल सोडल्यावरही खाली यायला टाळाटाळ करायची. थ्रॉटल थोडासा दिला की अडखळ, भरपूर दिला की एकदम मोकळी.

मित्राचं निदान तयार होतं: कार्बोरेटरमध्ये कचरा, उघडून साफ करू. ते अर्धं बरोबर निघालं, आणि अर्धं बरोबर निदान फार फसवं असतं. कार्बोरेटर आधी उघडले असते तर ते साफ करून बसवल्यावरही गाडी धड चालली नसती. मग साफ केलेल्या कार्बोरेटरवरच संशय घेत तेच पुन्हा पुन्हा उघडले गेले असते. जुन्या गाड्यांच्या स्क्रूंची डोकी अशाच फेऱ्यांमध्ये गोल होतात. म्हणून कार्बोरेटर शेवटी उघडायचे, असं ठरवून सुरुवात केली.

दर रविवारची पाच मिनिटं

पाना हातात घेण्याआधी गाडी कशी ठेवली होती ते विचारलं. टाकी अर्धी. पेट्रोल कॉक बंद. बॅटरी गाडीतच. ऑइल मागच्या मोसमातलं.

"पण मी काय तशीच सोडली नव्हती रे," तो म्हणाला, "दर रविवारी पाच मिनिटं चालू करत होतो की!"

हा सल्ला गाडीवाल्यांच्या तोंडी सर्रास असतो आणि माझ्या मते तो सगळ्यात जास्त नुकसान करतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत ते तापत नाही, त्यामुळे काही वाफ सायलेन्सरमध्ये आणि पिस्टन रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइलच्या कप्प्यात, थंड होऊन बसते. त्यात सुरुवात चोकवर, म्हणजे मिश्रण पेट्रोलने जड; प्लग काळे होतात आणि न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. शिवाय सेल्फने बॅटरीतून जेवढं काढलं तेवढं हा जुना अल्टरनेटर आयडलिंगवर परत भरतच नाही. दर रविवारी थोडी तूट.

चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक वेळी फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) ताज्या पेट्रोलने भरायचा, कॉक बंद झाला की ते पेट्रोल आठवडाभर हळूहळू उडायचं, पुढच्या रविवारी नवं यायचं. पेट्रोलमधले हलके घटक आधी उडतात आणि मागे जड, चिकट साका राहतो. चेंबर एकदा रिकामा करून ठेवला असता तर साका धरायला काही उरलंच नसतं. इथे थरावर थर चढत गेले.

ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला दुधाळ, पिवळसर लेप. डिपस्टिकला पेट्रोलचा वास. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. पेट्रोलने पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन रेस करणं म्हणजे बेअरिंगशी खेळ. त्याआधी दोन्ही प्लग काढून किक हाताने सावकाश दाबून पाहिली. फ्लोटची सुई, म्हणजे चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी झडप, गळत असेल तर पेट्रोल सिलेंडरमध्ये साठतं. ते दाबलं जात नाही, आणि अशा अवस्थेत सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इथे सिलेंडर कोरडे निघाले.

बाकीच्या गोष्टी भराभर उरकल्या. टायरमध्ये हवा भरली. पुढच्या ब्रेकचं ऑइल चहासारखं झालं होतं, ते बदललं: ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि डॉट ४चं नवं ऑइल २३० अंशांच्या वर उकळत असलं तरी पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. क्लच प्लेटा चिकटल्या होत्या. क्लच दाबून, गिअर टाकून गाडी मागेपुढे हलवल्यावर सुटल्या.

आधी करंट

बॅटरी उभ्या अवस्थेत १२.३ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, त्यामुळे आकडा वाईट असला तरी घाबरण्यासारखा नव्हता. पण सेल्फ दाबताच मल्टीमीटर ८.९ वर. रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवून पुन्हा तपासली: उभ्याने १२.४, सेल्फवर ९.१. निकाल स्पष्ट होता: बॅटरी गेलेली. सेलची झाकणं उघडली तर पाण्याची पातळी प्लेटांच्या खाली. उघड्या पडलेल्या प्लेटांवर पांढरट थर.

इथे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला. हिवाळ्यात बॅटरीतलं पाणी इतकं आटत नाही. मग ते गेलं कुठे?

"चार्जिंगची काळजी नको," मित्र म्हणाला, "मागच्या मोसमात मोजलं होतं. १५च्या वर दाखवत होतं, एकदम जोरात."

१५च्या वर म्हणजे जोरात नव्हे, जास्त. रेस दिल्यावर १४ ते १४.५च्या दरम्यान असायला हवं. त्यावर बॅटरी उकळू लागते आणि पाणी उडतं. आपण सगळे कमी चार्जिंगला भितो आणि जास्त चार्जिंगला शाबासकी देतो.

नवी बॅटरी बसवली. सेल्फवर आता १०.६ टिकत होते आणि इंजिन झपाझप फिरत होतं, पण पेटायला अजून आढेवेढे. मग कॉइलपर्यंत, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागापर्यंत, किती व्होल्ट पोहोचतात ते मोजलं. हे मोजताना एक काळजी घ्यावी लागते: ज्या कॉइलवर मोजायचं तिचे पॉइंट मिटलेले हवेत. पॉइंट उघडे असतील तर त्या कॉइलमधून करंट वाहतच नाही, आणि न वाहणाऱ्या वायरीत व्होल्टेज पडत नाही. मल्टीमीटर उगाच सगळं छान असल्याचं दाखवतो. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटवले, चावी फिरवली. बॅटरीवर १२.५, कॉइलवर १०.७. मोजून होताच चावी बंद केली, कारण मिटलेल्या पॉइंटवर चावी चालू राहिली तर कॉइल तापते.

वाटेत १.८ व्होल्ट गेले होते. आता सेल्फ मारतानाचं गणित करा. जुनी बॅटरी ९ वर यायची, त्यातून १.८ वजा, म्हणजे कॉइलला ७च्या थोडं वर. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १२ व्होल्टवर मिळाली असती त्याच्या साधारण एक तृतीयांश उरते. प्लग बाहेर काढून पाहिला तर ठिणगी दिसते, "करंट येतोय" म्हणून आपण निवांत होतो. पण सिलेंडरमध्ये दाबाखाली, थंड आणि ओल्या मिश्रणात ती पुरत नाही.

मल्टीमीटरची एक टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवली आणि दुसरी वायरीच्या वाटेने एकेका जोडावर सरकवत नेली. इग्निशन स्विच आणि त्याचा हेडलाइटच्या डब्यातला कनेक्टर मिळून १.१ व्होल्ट खात होते, हँडलवरचा बंद करायचा स्विच ०.७. कनेक्टर उघडला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायच्या बेताला आलेलं.

पाणी कुठे गेलं याचं उत्तरही तिथेच होतं. या गाडीचा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) व्होल्टेज मोजतो ते बॅटरीवरून नव्हे, इग्निशन स्विचच्या पलीकडच्या वायरीवरून. स्विच १.१ व्होल्ट खात असेल तर रेग्युलेटरला १४.२ दिसतात आणि बॅटरीवर खरे १५.३ असतात. तो बिचारा आपलं काम चोख करत होता, त्याला माहिती चुकीची मिळत होती. एकाच काळ्या पडलेल्या पिनेने एकीकडे ठिणगी मारली आणि दुसरीकडे बॅटरी उकळून काढली. नुसती बॅटरी बदलून थांबलो असतो तर नवी बॅटरीही त्याच वाटेने गेली असती.

पिना बदलल्या, दोन्ही स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ केले, फ्रेमवरचं अर्थिंग खरवडून घट्ट केलं. कॉइलवर आता १२.१. पॉइंटवर बारीक ऑक्साइडचा थर होता. तो पुसून गॅप लावला, टायमिंग पाहिलं. आणि सेल्फला हात लावताच इंजिन पेटलं. चोकवरच, पण लगेच.

डावीकडे थेंब तसाच

उजवा सिलेंडर आता व्यवस्थित चालत होता. डावा आयडलिंगवर मेल्यासारखा. ओळखायला सोपी युक्ती: चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने दोन्ही सायलेन्सरच्या पाइपांवर, अगदी हेडजवळ, पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. उजवीकडे चर्र करून उडाला. डावीकडे थेंब तसाच घरंगळत खाली आला.

प्लगांची अदलाबदल केली. दुखणं डावीकडेच राहिलं, म्हणजे प्लग निर्दोष. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) घेतलं: उजवीकडे १०.५ किलो, डावीकडे १०.२. दोन्ही उत्तम. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर पाहिले तर डावा एक्झॉस्ट थोडा घट्ट निघाला, तो मॅन्युअलमधल्या मापाला लावला. टॅपेट नेहमी कार्बोरेटरच्या आधी लावायचे; नंतर लावले तर कार्बोरेटरची जुळवणी वाया जाते. डाव्या सिलेंडरची ठिणगी निळी आणि जाड होती.

उरलं पेट्रोल. लक्षणं जुळवून पाहिली तर कार्बोरेटर न उघडता दुखण्याची जागा दिसत होती. या प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये चोक ही स्वतंत्र वाट असते, स्वतःच्या जेटची (जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा). चोकवर दोन्ही सिलेंडर चालतात, म्हणजे चेंबरपर्यंत पेट्रोल पोहोचतंय. भरपूर थ्रॉटलवर गाडी मोकळी पळते, म्हणजे मेन जेट आणि सुईची (ही फ्लोटची नव्हे, थ्रॉटल वाढला की वर सरकणारी) वाट मोकळी. अडखळ फक्त आयडलिंगला आणि थोड्या थ्रॉटलवर. तिथे पेट्रोल पुरवतो तो पायलट जेट.

चढणाऱ्या रेसचं कोडंही यातून सुटलं. डावा पायलट पूर्ण बुजला असेल आणि उजवा थोडाफार, तर नॉब चढवल्यावर उजवा सिलेंडर एकटा सगळं इंजिन ओढतो आणि डावा फुकट फिरतो. इंजिन गरम होऊन रेस जरा वाढली की डाव्या बाजूला सुईच्या वाटेने पेट्रोल ओढलं जायला लागतं, डावा अचानक कामाला लागतो, आणि एका सिलेंडरसाठी उघडून ठेवलेल्या थ्रॉटलवर दोन सिलेंडर जोर करतात. रेस ३००० वर जाणारच. नॉब फिरवून दुखणं झाकलं जातं आणि वर आणखी एक तयार होतं. अशी गाडी हातात आली की मी आधी नॉब मूळ जागी आणतो, मग काय बंद पडायचं ते पडू दे.

दोन्ही चेंबरचं पेट्रोल वेगवेगळ्या काचेच्या बरणीत काढलं. उजवीकडचं फिकट पिवळं. डावीकडचं मधाच्या रंगाचं, वार्निशसारख्या आंबट वासाचं, आणि तळाशी पाण्याचा एक गोल मणी, बरणी तिरकी केली की घरंगळणारा. टाकीही रिकामी केली. आत गंज नव्हता, कॉकच्या जाळीवर थोडा चुरा होता.

कार्बोरेटर काढले. मिश्रणाचे स्क्रू काढण्याआधी ते हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते दोन्हींचं लिहून ठेवलं. स्क्रूमागे स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असते. ओ-रिंग बहुतेक वेळा आतच चिकटून राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग वर क्लीनर मारला की ती फुगते किंवा हवेबरोबर उडून जाते. आकड्याने ओढून काढली.

डावा पायलट जेट उजेडाकडे धरला. काहीच दिसेना. त्याचं भोक जेमतेम ०.४ मिलिमीटरचं असतं. बाजूची बारीक छिद्रंही तपकिरी लाखेने भरलेली. उजव्यात उजेड दिसत होता, पण चंद्रकोरीएवढा. दोन्ही क्लीनरमध्ये भिजत ठेवले आणि मग वायरीतल्या तांब्याच्या एका तारेने हळूच मोकळे केले. स्टीलची तार किंवा ड्रिल कधीही घालायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी जेटचा नंबर बदलतो आणि ते पुन्हा कळतही नाही.

जेट साफ झाला म्हणजे वाट साफ झाली असं बहुतेक जण धरून चालतात. जेटच्या पुढे बॉडीमधून एक वाट जाते आणि थ्रॉटलच्या पाकळीपाशी (हवेची वाट उघडमीट करणाऱ्या चकतीपाशी) बारीक छिद्रांमध्ये उघडते. जेटच्या जागी क्लीनरची नळी लावून फवारा मारला. उजव्या कार्बोरेटरमध्ये सगळ्या छिद्रांतून बारीक धारा निघाल्या. डाव्यात पाकळीपाशी असलेल्या तीनपैकी एकातूनच, तीही वाकडी. भिजवणं, हवा मारणं, पुन्हा भिजवणं, असं करत तिन्ही धारा सरळ निघेपर्यंत हलायचं नाही. चोकवरची सगळी तक्रार मुळात या दोन छिद्रांची आणि त्या एका जेटची होती.

आतल्या रबरी पडद्यांना उजेडासमोर ताणून पाहिलं, भोक नव्हतं. पायलट जेटवरची रबरी बुचं कडक झाली होती, ती नवी घातली. या कार्बोरेटरमध्ये पायलटला पेट्रोल आडवाटेने मिळायचं असतं, आणि बूच नीट बसलं नाही तर ते चेंबरमधून थेट ओढलं जाऊन मिश्रण जड होतं. फ्लोटची उंची मापाला होती. दोन्ही पाकळ्या बारीक तारेच्या जाडीएवढ्या सारख्या उघडतील अशा लावून घेतल्या.

रबर

गाडी चोकशिवाय चालू राहिली. दोन्ही पाइपांवर थेंब उडाले. आयडलिंग १२०० वर आणलं आणि मित्र टाळी द्यायला पुढे आला, तेवढ्यात रेस दिली आणि ती सोडल्यावर हळूच, अनिच्छेने खाली आली. आधीइतकं नाही, पण होतं.

आता कार्बोरेटर साफ आहेत याची खात्री होती, म्हणून पुन्हा तिकडे वळायची गरज नव्हती. रेस लटकते ती मिश्रण हलकं झालं की, आणि हलकं होण्याचं उरलेलं कारण म्हणजे कुठून तरी हवा ओढणं. फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घेऊन कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या रबरांवर मारलं. काही जण इथे कार्बोरेटर क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनाजवळ मला ते नको वाटतं. डाव्या रबराच्या खालच्या बाजूला पाणी पडताच इंजिनचा आवाज बदलला. रबर काढून वाकवलं तर वरून न दिसणारी भेग उघडली. दोन्ही नवी बसवली.

मग व्हॅक्यूमचे गेज लावून दोन्ही कार्बोरेटर एका पातळीवर आणले, समोर पंखा ठेवून, कारण हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या जागी भराभर तापतं. मिश्रणाचे स्क्रू या गाडीत इंजिनच्या बाजूला आहेत, म्हणजे बाहेर फिरवलं की पेट्रोल वाढतं. एअर क्लीनरच्या बाजूला असते तर उलट झालं असतं. प्रत्येक स्क्रू रेस सर्वांत जास्त चढते त्या जागी आणून नॉबने आयडलिंग खाली घेतलं. शेवटी चार्जिंग: ४००० रेसला बॅटरीवर १४.३.

एका लांब फेरीनंतर दोन्ही प्लग सारखे फिकट तपकिरी निघाले आणि थोडा थ्रॉटल दिला की आता अडखळ नाही. ऑइल मी पुन्हा बदलायला लावलं, कारण झाकणाखाली अजून थोडा दुधाळ लेप होता. डावीकडे थ्रॉटल एकदम सोडला की कधीतरी फट्ट आवाज येतो. सायलेन्सर पाइपाच्या हेडकडच्या गॅस्केटवर काजळी दिसते आहे, बहुधा तिथून हवा जाते. ते काम पुढच्या सर्व्हिसला.

पुढच्या हिवाळ्याचं ठरलं आहे: टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून गाडी थोडी फिरवायची, मग कॉक बंद करून चेंबरचे स्क्रू सोडून ते रिकामे करायचे. ऑइल उभं करण्याआधी बदलायचं, बॅटरी काढून चार्जरवर. आणि रविवारी चालू करायची नाही. याच एका कलमावर मित्र अजून वाद घालतो.